टिग वेल्डिंग : जसा धातू, तसा विद्युत् प्रवाह

दूध संकलन केंद्रावर सकाळच्या वेळी दोन प्रकारची भांडी हमखास दृष्टीस पडतात. घरोघरचे दूध येते ते बहुधा स्टेनलेस स्टीलच्या किटलीतून, आणि केंद्रावरून ते पुढे जाते ते अनेक ठिकाणी अद्यापही ॲल्युमिनियमच्या चाळीस लिटरच्या कॅनमधून. ही दोन्ही भांडी रोज आदळआपट सोसतात, आणि कालांतराने कुठेतरी तडकतात. किटलीचा कान निखळतो, कॅनच्या बुडाशी किंवा गळ्याशी बारीक चीर पडते. किटली घेऊन शेतकरी तालुक्याच्या गावी गेला तर ती बहुधा दुरुस्त होऊन मिळते. कॅनच्या बाबतीत मात्र कारागीर पुष्कळदा मान हलवतो. “स्टीलचं करतो, ॲल्युमिनियमचं होत नाही,” हे त्याचे ठरलेले उत्तर असते.

हे उत्तर ऐकणाऱ्याचा समज असा होतो, की कारागिराचे कौशल्य कमी पडते. वस्तुस्थिती अनेकदा वेगळी असते. त्याच्याजवळ असलेले यंत्रच ॲल्युमिनियमसाठी आवश्यक असा विद्युत् प्रवाह देऊ शकत नाही. आणि जे एका कारागिराच्या दुकानात घडते, तेच सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्राच्या बाबतीतही घडू शकते.

एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या प्रशिक्षण संस्थेस काही काळापूर्वी भेट देण्याचा योग आला. कर्मशाळेच्या कोपऱ्यात एक कोरे करकरीत वेल्डिंग यंत्र होते. मागणीपत्रात त्याचे वर्णन ‘टिग वेल्डिंग यंत्र, २०० अँपिअर, एक नग’ एवढेच केलेले होते. दरपत्रके आली, सर्वांत कमी दराचे यंत्र रीतसर घेण्यात आले, त्याची नोंद साठा नोंदवहीत झाली. पुढे ॲल्युमिनियमच्या जोडकामाचे प्रात्यक्षिक घेण्याची वेळ आली, तेव्हा ते यंत्र त्या कामी येईना. निदेशक म्हणाले, “साहेब, यंत्र बिघडलेलं नाही. ते या कामासाठी बनवलेलंच नाही.” खरेदीत गैरप्रकार नव्हता, यंत्रात दोष नव्हता. मागणीपत्रात तीन-चार शब्द कमी होते, इतकेच. ते शब्द कोणते, आणि ते इतके महत्त्वाचे का, हे प्रस्ताव तयार करणाऱ्यांनी, मंजूर करणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

टिग म्हणजे काय?

टिग हे टंगस्टन इनर्ट गॅस या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनलेले नाव. गावोगावी फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनविणाऱ्यांकडे जे वेल्डिंग आपण पाहतो, त्यात होल्डरमध्ये धरलेला रॉड स्वतःच वितळतो आणि सांध्यात भरला जातो. रॉडवरील लेपाचा जळून वायू आणि मळी होते, व त्यांच्यामुळे तापलेल्या धातूचे हवेपासून रक्षण होते. टिगमध्ये ही दोन्ही कामे वेगळी केलेली आहेत. येथे टॉर्चमध्ये टंगस्टन धातूची बारीक कांडी असते. ही कांडी वितळावयाची नसते. तिचे टोक आणि जोडावयाचा धातू यांच्यामध्ये विजेची प्रज्योत, म्हणजेच कारागिरांच्या भाषेतील आर्क, पेटते आणि तिच्या उष्णतेने धातूच्या कडा वितळून एकजीव होतात. भर घालावयाची झाल्यास दुसऱ्या हाताने वेगळी सळई त्या वितळलेल्या धातूत सोडावी लागते. टॉर्चच्या चिनी मातीच्या तोंडातून सतत आर्गॉन वायू वाहत असतो, आणि तो हवेला सांध्याजवळ फिरकू देत नाही.

आर्गॉन हा आपल्या हवेतलाच एक वायू. हवेत त्याचे प्रमाण एक टक्क्याहून किंचित कमी, सुमारे ०.९३ टक्के आहे. १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्झी यांनी त्याचा शोध लावला, तेव्हा त्यास ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. कारण तो सहसा कोणाशी संयोग पावत नाही. वेल्डिंगमध्ये त्याचा हा आळसच उपयोगी पडतो.

टंगस्टन निवडण्याचे कारण त्याचा वितळबिंदू. तो सुमारे ३,४२० अंश सेल्सिअस, म्हणजे सर्व धातूंत सर्वाधिक आहे. परंतु एवढा उष्णतासह धातूही चुकीच्या प्रकारे विजेस जोडला तर मेणबत्तीसारखा ओघळतो. प्रवाहाच्या प्रकाराचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

विमानाच्या कारखान्यातील प्रयोग

या पद्धतीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, नॉर्थ्रॉप विमान कंपनीत झाला. वजनाला अत्यंत हलक्या अशा मॅग्नेशियम धातूचे विमान बनवावे, अशी त्या कंपनीची आकांक्षा होती. मॅग्नेशियम तापताच हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि पेटही घेऊ शकते. त्यामुळे नेहमीच्या वेल्डिंगने ते जोडणे अवघड होते. कंपनीतील रसेल मेरेडिथ या तंत्रज्ञाने १९४१ च्या सुमारास टंगस्टनची कांडी आणि हेलियम वायू यांच्या साहाय्याने हा प्रश्न सोडविला. १९४२ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. हेलियमवरून या पद्धतीस हेलिआर्क असे नाव पडले. पुढे स्वस्त पडणारा आर्गॉन अधिक प्रचारात आला.

या इतिहासातील आपल्या कामाचा भाग असा. आरंभी टंगस्टनची कांडी विजेच्या धन अग्रास जोडण्यात आली. ती लवकर तापली आणि तिचे कण सांध्यात पडू लागले. मग ती ऋण अग्रास जोडण्यात आली. कांडी वाचली, पण काही हलक्या धातूंचे जोड नीट होईनात. अखेरीस दिशा बदलणारा प्रवाह वापरून आणि प्रज्योत स्थिर ठेवण्याची वेगळी व्यवस्था करून ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचे चांगले जोड साधले. धन, ऋण आणि दोन्ही आळीपाळीने, या त्या तीन पायऱ्या. आजही टिग यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्यास याच तीन पर्यायांतून निवड करावयाची असते.

कांडी ऋण अग्रासच का?

विजेचा प्रवाह दोन प्रकारचा असतो. बॅटरीतून मिळणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, त्यास एकदिश प्रवाह किंवा डीसी म्हणतात. घरात येणारा प्रवाह सतत दिशा पालटतो, त्यास प्रत्यावर्ती प्रवाह किंवा एसी म्हणतात. आपल्या देशात तो सेकंदास ५० आवर्तने करतो, म्हणजे सेकंदास १०० वेळा दिशा बदलतो.

डीसी वापरताना टॉर्च कोणत्या अग्रास आणि अर्थिंगची पक्कड कोणत्या अग्रास जोडावयाची, हा प्रश्न येतो. यालाच ध्रुवता किंवा पोलॅरिटी म्हणतात. शाळेत आपण शिकतो, की वीज धनाकडून ऋणाकडे वाहते. हा संकेत अठराव्या शतकातला आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधून काढला, आणि तारेतून प्रत्यक्ष वाहणारे कण ऋणाकडून धनाकडे जातात हे पुढे स्पष्ट झाले. संकेत मात्र जुनाच चालू राहिला. परीक्षेच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, वेल्डिंगमध्ये मात्र इलेक्ट्रॉन कोणीकडून निघतात आणि कोठे जाऊन आदळतात याकडेच पाहावे लागते.

टंगस्टनची कांडी ऋण अग्रास जोडली, की तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि प्रज्योतीतून वेगाने जाऊन जोडावयाच्या धातूवर आदळतात. जेथे ते आदळतात तेथे उष्णता सोडतात. जेथून निघतात तेथील उष्णतेचा काही अंश मात्र बरोबर घेऊन जातात. माठातून पाझरणारे पाणी वाफ होऊन जाताना माठास गार ठेवते, काहीसा तसाच हा प्रकार होय. परिणामी प्रज्योतीच्या उष्णतेची वाटणी सारखी होत नाही. ढोबळ मानाने ७० टक्के उष्णता धातूकडे आणि ३० टक्के कांडीकडे जाते. उष्णता पाहिजे तेथेच पडते, सांधा अरुंद व खोल होतो, आणि कांडीचे अणकुचीदार टोक टिकून राहते.

आता हीच जोडणी उलट करून पाहावी. कांडी धन अग्रास जोडली, तर इलेक्ट्रॉन धातूतून निघून कांडीवर आदळतात. उष्णतेचा मोठा वाटा कांडीच्या टोकाला मिळतो. टोकाचा गोळा होतो, तो थरथरतो आणि गळून सांध्यात पडतो. या बाबतीत तांत्रिक पुस्तकांत एक बोलके उदाहरण नेहमी दिलेले असते. १२५ अँपिअरचा प्रवाह कांडी ऋण असताना १.६ मिलिमीटर जाडीच्या टंगस्टनला सहज पेलतो. तोच प्रवाह कांडी धन असताना वाहून न्यावयाचा, तर सुमारे ६.४ मिलिमीटर जाडीची, म्हणजे चौपट व्यासाची कांडी लागते. एवढ्या जाड कांडीने पातळ पत्र्याचा नाजूक सांधा करणे जवळजवळ अशक्यच.

येथे एक सर्रास होणारी चूक सांगितली पाहिजे. आजची छोटी इन्व्हर्टर यंत्रे रॉडचे आणि टिगचे अशी दोन्ही कामे करतात. रॉडच्या कामात, विशेषतः लो-हायड्रोजन जातीच्या रॉडसाठी, होल्डर धन अग्रास लावण्याची पद्धत आहे. तोच हात टिगचे काम घेताना सवयीने टॉर्चही धन अग्रास लावतो. प्रज्योत पेटते, क्षणभर सर्व ठीक वाटते, आणि पाहता पाहता कांडीचे टोक वितळते. मग टंगस्टन हलक्या प्रतीचे निघाले, असा ठपका दुकानदारावर येतो. यंत्रावरील ‘टिग’ असे लिहिलेले बटण दाबले म्हणजे अग्रेही बदलतात, असे पुष्कळ यंत्रांत नसते. केबल हातांनीच काढून बदलाव्या लागतात. टॉर्च ऋणास, अर्थिंग धनास, एवढी एक ओळ कर्मशाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवली, तर बरेचसे टंगस्टन वाचेल.

जुन्या कारागिरांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांचा हात साध्या ट्रान्सफॉर्मरच्या वेल्डिंग सेटवर बसलेला असतो. त्यात एसी प्रवाह असल्याने धन-ऋण हा प्रश्नच उद्भवत नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीचा विचार करावा लागला नाही, ती एकाएकी महत्त्वाची ठरते, तेव्हा ती पटण्यास वेळ लागणारच.

ॲल्युमिनियमचे चिवट कवच

कांडी ऋण अग्रास जोडून पोलाद, स्टेनलेस स्टील, तांबे असे बहुतेक धातू उत्तम जोडता येतात. मग ॲल्युमिनियमनेच काय घोडे मारले आहे?

कारण ॲल्युमिनियमच्या अंगावर सदैव एक कवच असते. ताज्या कापलेल्या ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. याच थरामुळे ॲल्युमिनियमची भांडी गंजून झिजत नाहीत. पण जोडकामात हा रक्षकच आडवा येतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते, तर त्याचे ऑक्साइड वितळावयास २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणजे आतला धातू पातळ होऊन डुचमळू लागला तरी वरची साय जशीच्या तशी असते. दोन कडा शेजारी वितळूनही एकमेकींत मिसळत नाहीत. कारागीर अधिक उष्णता देतो, आणि मग सारा पत्राच एकाएकी खाली कोसळून भोक पडते. डीसी यंत्रावर, कांडी ऋण ठेवून, आर्गॉनमध्ये ॲल्युमिनियम जोडू पाहणाऱ्याचा अनुभव नेमका हाच असतो.

हे कवच फोडण्याचे सामर्थ्य उलट्या जोडणीत असते. धातू ऋण आणि कांडी धन असताना इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागातून, असंख्य सूक्ष्म व चपळ ठिपक्यांतून उसळून बाहेर पडतात, आणि आर्गॉनचे जड धन आयन उलट दिशेने येऊन त्यावर आदळतात. या दुहेरी माऱ्याने ऑक्साइडचा थर फुटून उडून जातो व खालचा चकचकीत धातू उघडा पडतो. चांगल्या झालेल्या ॲल्युमिनियमच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंस दहिवर पडल्यासारखा पांढुरका पट्टा दिसतो, ती या साफसफाईची खूण होय.

अडचण एवढीच, की ज्या दिशेने साफसफाई होते त्या दिशेने कांडी जळते, आणि ज्या दिशेने कांडी वाचते त्या दिशेने साफसफाई होत नाही. एसी प्रवाहाने ही कोंडी फुटते. त्यात अर्धा वेळ कांडी ऋण असते, तेव्हा उष्णता धातूत शिरते आणि कांडीला उसंत मिळते. उरलेला अर्धा वेळ कांडी धन असते, तेव्हा कवच फुटते. सेकंदास शंभर वेळा होणारी ही अदलाबदल डोळ्यांना जाणवत नाही, कानांना मात्र एसीच्या प्रज्योतीची घरघर स्पष्ट ऐकू येते.

तेव्हा जुना एसी ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याला टिगची टॉर्च जोडली म्हणजे झाले, असे कोणाच्या मनात येईल. ते तितके सोपे नाही. दिशा पालटताना प्रवाह दर वेळी शून्यावर येतो आणि प्रज्योत विझू पाहते. तापलेले टंगस्टन इलेक्ट्रॉन सहज सोडते, परंतु त्या मानाने थंड असलेले ॲल्युमिनियम ते सोडण्यास नाखूष असते. म्हणून साफसफाईची नेमकी तीच अर्धी लाट अडखळते. यास्तव टिगच्या एसी यंत्रात उच्च कंप्रतेच्या विजेचा जोर देऊन प्रज्योत पुन्हा पेटती ठेवण्याची सोय केलेली असते. आधुनिक इन्व्हर्टर यंत्रांत प्रवाह हळूहळू न बदलता पायरीसारखा एकदम दिशा पालटतो, त्यामुळे विझण्यास अवकाशच कमी मिळतो. शिवाय कांडी किती वेळ ऋण व किती वेळ धन ठेवावयाची याचे प्रमाणही त्यांत बदलता येते. सामान्यतः ६५ ते ७५ टक्के वेळ ऋण ठेवतात. स्वच्छ, नव्या पत्र्यास थोडी सफाई पुरते, म्हणून ऋणाचा वाटा वाढविता येतो. जुन्या, हवापाणी खाल्लेल्या कॅनसाठी सफाईचा वाटा थोडा वाढवावा लागतो.

परंतु प्रवाहाने होणारी ही सफाई ऑक्साइडची आहे, घाणीची नव्हे. कॅनच्या चिरेत मुरलेले दुधाचे स्निग्धांश, तेल, धूळ हे आधीच धुऊन, पुसून, केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासून काढावे लागते. तसे न केल्यास सांध्यात बारीक छिद्रे राहतात. दुधाच्या भांड्यात असे छिद्र म्हणजे केवळ गळतीचा प्रश्न नव्हे. धुऊनही त्यात दुधाचा अंश राहतो, जंतू वाढतात आणि पुढचे दूध नासते. केंद्रावर आलेले दूध खराब ठरले, तर एका भांड्याच्या सांध्याची किंमत किती दुभत्या जनावरांच्या धन्यांना मोजावी लागते, याची कल्पना दूध संस्थांच्या पदाधिकाऱ्यांस सांगावयास नको.

इतर धातूंविषयी

ॲल्युमिनियमप्रमाणेच मॅग्नेशियमलाही एसी लागतो. बाकी बहुतेकांचे काम डीसी प्रवाहावर, कांडी ऋण ठेवून भागते. साधे पोलाद, स्टेनलेस स्टील, तांबे, निकेलचे मिश्रधातू, टिटॅनियम ही सर्व मंडळी या एका पंगतीत बसतात. जाड ॲल्युमिनियम हेलियम वायूत डीसी ऋण जोडणीनेही जोडतात, पण ते विशेष कारखान्यांचे काम. ॲल्युमिनियम मिसळलेल्या काशासही ऑक्साइडच्या थरामुळे एसी सोयीचा पडतो.

पंगत एक असली तरी प्रत्येकाची भूक निराळी. तांबे उष्णता इतक्या झपाट्याने पसरवते, की जाड तुकडा आधी तापवून घेतल्याशिवाय सांधा धरत नाही. स्टेनलेस स्टीलची तऱ्हा नेमकी उलट. तांब्याच्या मानाने त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती सुमारे पंचविसावा हिस्सा आहे. दिलेली उष्णता जागीच साठते, पत्रा वाकतो आणि सांधा काळवंडतो. म्हणून त्यास प्रवाह बेताचा द्यावा लागतो. पोलादाच्या पत्र्यास दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ४० अँपिअर हा कर्मशाळेतील ढोबळ हिशेब, स्टेनलेस स्टीलसाठी त्याहून काहीसा कमी धरतात. दुधाच्या नळ्या आणि टाक्यांच्या बाबतीत सांध्याची आतली बाजू महत्त्वाची असते. बाहेरून आर्गॉनचे संरक्षण आणि आतून मात्र हवा, अशा स्थितीत आतल्या बाजूस साखर जळाल्यासारखा खडबडीत काळा थर येतो. तेथे गंजही लागतो आणि दूधही चिकटून राहते. म्हणून नळीच्या आतही आर्गॉन सोडावा लागतो. या कामी खर्च वाढतो हे खरे, परंतु दरपत्रकात तो दाखविणाऱ्या कंत्राटदारास महाग ठरवून बाजूस सारण्यापूर्वी दुसऱ्याने तो का दाखविला नाही, हे विचारणे योग्य ठरेल.

पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे यांबाबत प्रवाहापेक्षा धुराचा प्रश्न मोठा आहे. त्यांतील जस्त उकळून पांढरा धूर निघतो आणि तो श्वासावाटे गेल्यास हुडहुडी भरून ताप येतो. मुलामा आधी घासून काढणे आणि जागा हवेशीर ठेवणे, हाच उपाय.

मागणीपत्र लिहिताना

आता आरंभीच्या मागणीपत्राकडे वळू. बाजारात ‘टिग’ या नावाखाली दोन जातींची यंत्रे मिळतात. एक केवळ डीसी देणारे, दुसरे एसी व डीसी दोन्ही देणारे. दुसऱ्याची किंमत पहिल्याहून बरीच अधिक असते. मागणीपत्रात फरक स्पष्ट केलेला नसेल, तर सर्वांत कमी दर डीसी यंत्राचाच येणार, आणि नियमानुसार तेच घ्यावे लागणार. सबब, यंत्रावर कोणते धातू जोडावयाचे आहेत हे प्रथम संबंधित निदेशकास किंवा कारागिरास विचारून ठरवावे. केवळ पोलाद आणि स्टेनलेस स्टीलचे काम असेल, तर डीसी यंत्र पुरेसे आहे, आणि जादा पैसे घालून एसीची सोय घेणे हाही अपव्ययच ठरेल. ॲल्युमिनियमचे काम असेल, तर ‘एसी व डीसी दोन्ही प्रवाह, प्रज्योत पेटविण्यास उच्च कंप्रतेची सोय, ऋण-धन प्रमाण बदलण्याची सोय’ असे शब्द मागणीपत्रात असावेत.

नुसता अँपिअरचा आकडाही फसवा असतो. २०० अँपिअर आणि ६० टक्के कार्यकाल याचा अर्थ, दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे यंत्र तो भार सोसते आणि चार मिनिटे त्याला विश्रांती लागते. हा टक्का ४० अंश तापमानास मोजलेला आहे काय, हेही आपल्याकडील उन्हाळा लक्षात घेता विचारावे.

टंगस्टनच्या कांड्यांची खरेदी किरकोळ समजली जाते, तरी तेथेही दक्षता हवी. कांडीच्या एका टोकास रंगाचा पट्टा असतो. लाल पट्ट्याच्या कांडीत सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असते. डीसी कामास ती उत्तम, पण थोरियम किरणोत्सर्गी आहे. कांडीला टोक काढताना उडणारी धूळ श्वासावाटे जाणे घातक आहे. सिरियम किंवा लँथॅनम मिसळलेल्या कांड्या एसी आणि डीसी दोन्ही कामांस चालतात व त्यांत हा धोका नाही. जेथे शिकाऊ मुले दिवसभर सहाणेवर टोके काढणार, तेथे तरी त्याच मागवाव्यात. हिरव्या पट्ट्याची शुद्ध टंगस्टनची कांडी जुन्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या एसी यंत्रांसाठी वापरली जात असे. डीसीसाठी टोक पेन्सिलीसारखे अणकुचीदार ठेवतात आणि घासण्याच्या रेषा कांडीच्या लांबीच्या दिशेने ठेवतात. एसीसाठी ते किंचित बोथट करतात.

आर्गॉनसंबंधी एक सूचना पंचायत सदस्यांच्याही उपयोगाची आहे. हा वायू विषारी नाही, त्यास रंग नाही, वास नाही, आणि तो हवेहून जड आहे. बंद टाकीत किंवा खड्ड्यात तो तळाशी साचतो व तेथील हवा बाहेर ढकलतो. पाण्याच्या किंवा दुधाच्या टाकीत उतरून टिगचे काम करणारा माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो. असे काम काढताना टाकीत सतत ताजी हवा खेळती ठेवणे आणि बाहेर एक माणूस पूर्ण वेळ उभा ठेवणे, ही कामाच्या आदेशातच घालावयाची अट होय. तशीच दक्षता धातू धुण्याच्या द्रव्यांबाबत घ्यावी. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला धातू न वाळविता जोडावयास घेतला, तर प्रज्योतीच्या प्रकाशाने त्याच्या वाफेचे विषारी वायूत रूपांतर होऊ शकते.

ज्या प्रशिक्षण संस्थेचा उल्लेख वर आला, तेथील डीसी यंत्र वाया गेले नाही. निदेशकांनी त्यावर स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याचे आणि नळ्यांचे प्रात्यक्षिक सुरू केले. केबलच्या टोकांना रंग लावून टॉर्च व अर्थिंग यांच्या जागा पक्क्या केल्या. टोक वितळून गोळा झालेली एक कांडी त्यांनी मुद्दाम काचेच्या बाटलीत जपून ठेवली आहे, आणि नव्या तुकडीस पहिल्या दिवशी ती दाखवितात. ॲल्युमिनियमसाठीचे दुसरे मागणीपत्र पुढे पाठविण्यात आले, त्या वेळी यंत्राच्या नावापुढील मजकूर त्यांनी स्वतः लिहिला.